तळाशी अडथळा

मढच्या सोसायटीत फॉर्म आला तेव्हा पंखा बंद होता
आणि कागदाला बघता बघता सुकटीचा वास लागला.
सिमेंटची घरं टाकणार आहेत म्हणे समुद्रात,
त्रिकोणी, भोकाभोकांची, एकेक टनाची.
माशाला आडोसा लागतो, साहेब समजावत होते,
आणि बाकावरचे म्हातारे हसले,
बायकोच्या माहेरचा पत्ता
कुणी परका सांगत असल्यासारखे.

रकाना सातवा: तळाशी काही अडथळा आहे का?
असल्यास स्थान व स्वरूप.

माझं पेन थांबलं.

बाबाची होडी तेरा वावांवर बसलीय.
एरंगळच्या चर्चचा क्रूस
दोन ताडांच्या मधे आला, की खाली ती.
काका भांगाच्या दिवसांत एकटा जायचा, इंजिन बंद करून,
पाटीभर हेकरू आणायचा, तांब आणायचा,
एकदा घोळ मासा, माझ्या उंचीचा.
कुणी विचारलं तर म्हणायचा, नशीब.
आईनं त्या पाटीतलं कधी शिजवलं नाही.
विकलं मात्र. माझी फी, माझे बूट,
हे टायपिंगचं सर्टिफिकेट
त्याच फळ्यांच्या फटींतून वर आलं.

काका गेला. ताड गेले.
क्रूस आता एका रिसॉर्टच्या टाकीमागे असतो.
रात्री ट्रॉलर तळ खरवडून जातात,
सकाळी आपल्या डोलीत पिशव्या आणि बोटभर पिल्लं.
परवा पोशीबायनं पाटी उपडी केली, म्हणाली,
"समिंदर न्हाय आटला गो,
आत कोनी ऱ्हात न्हाय."

साहेब घड्याळ बघत होते.
स्वरूप: सागवानी लाकूड. खिळे. एक इंजिन.
एक माणूस, उत्तम पोहणारा.
हे लिहिलं नाही.
लिहिलं, अडथळा नाही. मग खोडलं.
लिहिलं, आहे, फक्त ट्रॉलरला.
स्थान: क्रूस, आणि दोन ताड,
जे कुठल्याच नकाशात सापडणार नाहीत.
तरी बोटीवर मी येईन, म्हटलं,
दाखवेन. शेजारीच टाका.

संध्याकाळी आई बोंबील वाळत घालत होती.
"किती घरं?"
तीनशे.
"दारं?"
नाहीत, नुसती भोकं.
तिनं काठीवर आणखी एक जोडी अडकवली.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
तिथं खाली
पाणी फार गार असतं का.