नाका

देगलूरला, हैदराबाद रोडवर
एकोणीस वर्षं मी जकातीच्या नाक्यावर होतो.
बांबू वर, बांबू खाली.
गुळाच्या ढेपी किती, चुन्याचे डबे किती,
ताडपत्रीखाली हात घालायचा,
पोत्याला बंबी मारून बघायची.
गावात येणाऱ्या मालावर जकात होती.
बाहेर जाणाऱ्याला कोणी काही विचारत नव्हतं.

मग जकात उठली. मला पाणीपट्टीत टाकलं.
बांबू कुणीतरी मांडवाला नेला.

आता हा फोन.
बसस्टँडसमोरच्या मुबश्शीरनं
त्यात एक अ‍ॅप घालून दिलं.
म्हणला, काका, कोण कवा बाहेर जायलंय, सगळं दिसंल.

रात्री दोन सतरा. टॉर्च.
अगं, तू बॅटरी. लाईट तर गेली नव्हती,
तुला एवढ्या रात्रीचं कुठं जायचंय?
दोन एकोणीस. पंचांग.
अमावस्या विचारायला परगावी जावं लागतं?
कीबोर्ड तर दिवसातून चाळीस खेपा करायलाय.
मी लिहून खोडलेलं
तेही याच्या पोत्यात असंल का?

कॅल्क्युलेटर महिनाभरात एकदाही हलला नाही.
आमच्या नाक्यावर नागनाथ शिपाई होता तसा,
कोणाची चहासुद्धा घ्यायचा नाही.
सगळे त्याला येडा म्हणायचो.
(आमच्या घरी गुळाची ढेप
अधूनमधून यायची. असो.)

जुन्या रजिस्टरची कोरी पानं निघाली,
त्यावर रकाने आखले:
वेळ, नाव, गाव, माल.
गावांची नावं वाचताही येत नाहीत,
नुसते आकडे आणि टिंबं.
आणि मालाचा रकाना रिकामाच राहतो.
कोण गेलं कळतं, किती केबी गेले कळतं,
ताडपत्री काही उचलता येत नाही.

एक नाव ओळखीचं नव्हतं.
दर पंधरा मिनिटांनी, दिवसरात्र, न चुकता.
पकडला म्हणून मुबश्शीरकडं गेलो.
त्यानं बघितलं, मान खाली घालून म्हणला,
हे गिरिजादीदीनं टाकायला लावलं, काका.
तुम्ही चक्कर येऊन पडलात ना त्या टायमाला.
तुम्ही कुठं आहात
ते तिला हैदराबादेत दिसतं.

मला विचारलं नाही तिनं.
अडवायचं बटण अंगठ्याखाली होतं.
दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं.
मी बांबू धरून उभा.

घरी आल्यावर रजिस्टर उघडलं.
माल: एक म्हातारा, वजन बासष्ट किलो.
शेरा: सोडला.
त्या संध्याकाळी पायात चप्पल घातली
आणि काही काम नसताना
पार जुन्या नाक्यापर्यंत चालत गेलो.
तिथं आता रसवंती आहे.
जरा जास्तच वेळ थांबलो.

टॉर्चला मात्र अडवलंय.
काल रात्री लाईट गेली तेव्हा लावून बघितली,
लागली की.
म्हणजे बाहेर जायचं काही कामच नव्हतं तिचं.