बद्द आणि खणखणीत

ओडेन्सेच्या जुन्या धोबीघराच्या विटा
पॅलेटवर रचून आल्यात.
थोरकिल एकेक उचलतो, दुसरीवर हलकेच आपटतो,
कान देतो.
खणखणीत – डावीकडे.
बद्द – उजवीकडे, भरावाला.

मी शेजारी बसून तक्ता भरते:
वजन, ओलावा, ट्रकचे किलोमीटर,
नवी भट्टी न पेटल्याने वाचलेला कार्बन.
समुद्रगवताच्या गादीचा नमुना अजून तपासायचाय,
त्याचा खारा वास खोलीभर.

आधीच्या भिंती चुन्यातल्या,
छिन्नी लावली की भुरभुर सुटतात.
साठनंतरच्या सिमेंटच्या.
ओढायला जावं तर वीटच तुटते, मधोमध.

"चुना बरा," थोरकिल म्हणतो,
"वेळेवर सोडतो."
त्याच्या दारावरची पाटी गेल्या महिन्यात बदलली,
आता एकच नाव.
मी चुन्याबद्दलच बोलत राहते.

तेवढ्यात ही एक. कच्ची असताना
तिच्यावरून मांजर चालत गेलेलं:
चार बोटं, एक गादी.
वाजवली. बद्द.
तो ती उजवीकडे टाकत नाही,
डावीकडेही नाही.
कोटाच्या खिशात मावत नाही, तरी कोंबतो.

संध्याकाळी बेरीज एका विटेने कमी भरते.
मी तशीच सही करते.