दावं

ओनोफ्रेमामाची पाणबुडी
कालबुकोच्या काठावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
चार वर्षं उभी राहते आहे.
एका माणसाची. दाटीवाटीनं दोघांची.
पिवळा रंग संपला म्हणून शेपूट तेवढं हिरवं.

तिला हात नाहीत, मानही वळत नाही.
म्हणून मला म्हणाला, एक यंत्र कर, यास्ना,
पावाच्या टोपलीएवढं,
माझ्या पोटाखालून निघून
मी मावत नाही त्या कपारीत डोकावणारं.

मी वही उघडली.
मोटारी तीन: दोन आडव्या, एक उभी,
गोड्या तेलात बुडवलेल्या,
म्हणजे पाणी बाहेरून रेटेल
तेव्हा आतूनही कुणीतरी रेटून धरेल.
कॅमेरा एक, दिवे दोन.
जड करायला जाळ्याची शिसं,
हलकं करायला जाळ्याचेच बोये.

पावसाच्या पिंपात ते नीट तोललं गेलं,
ना वर ना खाली.
खाडीत सोडलं तर पुरुषभर खाली जाऊन अडलं.
डोंगरातून आलेलं गोडं पाणी
इथं खाऱ्यावर सायीसारखं पसरून असतं;
गोड्यात तोललेलं माझं यंत्र
खाऱ्यावर येऊन बसलं,
मध्येच कुणी टेबल मांडून ठेवल्यासारखं.
मामा इतका हसला की त्याला खोकला आला.
‘ते टेबल माझ्या ओळखीचं आहे,’ म्हणाला,
‘तिथं कंबरेला गार लागतं.’
मी आणखी दोन शिसं बांधली.

मग वायर.
चाळीस मीटर, करंगळीहून बारीक,
तरी प्रवाहात यंत्राहून तीच जास्त ओढते.
तीन रात्री तिच्याच हिशोबात गेल्या.
कारखान्याच्या कागदावर तिला नाळ म्हटलंय.
मामा म्हणतो दावं.
बैल बांधलेला माणूस आहे तो,
आणि स्वतःही बांधला गेलेला,
अकरा वर्षं, हवेच्या नळीनं, शिंपल्यांसाठी.
उजव्या खुब्याचं हाड आतून मेलंय.
घाईनं वर आल्याचं ते व्याज.

वायर शिंपल्यांच्या दोरांत गुंतली
तर पाणबुडीही गुंतणार.
म्हणून एक सुरी काढली:
स्प्रिंगवर ताणलेलं पातं,
त्याचा दांडा आत, मामाच्या डाव्या हाताशी.
ओढला की सुटका.
चित्र मला आवडलं होतं.

मामा बराच वेळ पाहत राहिला.
‘सुरी वरच्या टोकाला आहे,’ म्हणाला.
‘हो.’
‘आणि खालच्या?’

मग चहा निवत असताना सांगितलं,
हवापाणी सांगावं तसं:
नळी नांगराच्या साखळीत अडकली होती,
वर वारा उलटला होता,
पंपाशी नोल्बेर्तो, आणि त्याच्या कमरेला सुरी.
नांगर तोडून निघाला असता तर बोट वाचली असती.
त्यानं तोडला नाही. बोट खडकावर गेली, दोघं जगले.
‘पण खाली मी पाऊण तास
त्याचा हात मोजत होतो.
माझी सुरी बोटीत विसरलो होतो, पोरी.
माझा निकाल दुसऱ्याच्या कमरेला लटकत होता.’

रात्री मी खालच्या टोकाला एक खिळा वाढवला.
तीन मिनिटं वरून काही आलं नाही
तर यंत्र तो स्वतःच सोडेल,
शिसं टाकेल,
आणि दिवे मिचकावत एकटं वर येईल.
किंमत वाढली, वजन वाढलं,
बोये पुन्हा मोजावे लागले.

काल पिंपाशी मामा एकटाच उभा होता.
वायर चिमटीत धरून त्यानं दोन हिसके दिले,
हलके.
नळीवरची जुनी भाषा: ठीक आहेस ना?

या वायरीतून चित्र येतं,
हिसका येत नाही.
बटण माझ्या हातात होतं,
दिवा दोनदा लावता आला असता.
नाही लावला. ती फसवणूक झाली असती.

तो थोडा थांबला.
मग वायर कोपरावर घेऊन
आठाच्या आकड्यात गुंडाळू लागला,
पीळ बसू नये म्हणून.