निशाणी क्रमांक एकेचाळीस

वकील म्हणाले, टिटवी तुमची कशावरून?
मी म्हणाले, औशात कुणालाही विचारा.
कुणालाही चालत नाही, ते म्हणाले,
कागद लागतो, त्यावर तारीख लागते.
वाळूजच्या कंपनीनं नोंदणीचा अर्ज टाकलाय,
त्यांच्याही डब्यावर टिटवी, आत करडईचंच तेल,
आणि त्यांच्याकडं बिलं आहेत, नंबरवार,
दोन हजार अकरापासूनची.
आपल्याला त्यांच्या मागं जायचंय.
जमेल तितकं मागं.

मागं म्हणजे आजेसासरे, गुरुलिंगप्पा.
घाण्याच्या बैलाला त्यांनी नाव ठेवलं नाही,
तेलाला ठेवलं.
लोक म्हणाले, टिटवी? अपशकुनी पाखरू ते!
ते म्हणाले, काळ्या रानात उन्हाळाभर
दुसरं कोण टिकतं?
घरटं नाही, आडोसा नाही,
चार खडे सारून उघड्यावर अंडी घालते
अन् कुणी जवळ आलं
की आभाळ डोक्यावर घेते.
तिचा सातबारा तेवढाच.

चित्र दस्तगीर पेंटरचं.
एका पायाला तीन बोटं, दुसऱ्याला चार.
चूक कळली तोवर ठसा झाला होता,
पैसे देऊन झाले होते.
तशीच चालत गेली ती निलंग्यापर्यंत, उमरग्यापर्यंत.

वाळूजच्या डब्यावर मी भिंग धरलं.
तीन. चार.
आधी हसू आलं, मग घाम.
वकील म्हणाले, नक्कल झाली हे दिसतंच आहे.
कुणी कुणाची केली, ते डबा सांगत नाही.

मग माळा उपसला.
विक्रीकराची चलनं निघाली, एकाहत्तरपासूनची,
त्याआधीचं उंदरांनी वाचून संपवलेलं.
किल्लारीचे आमचे जुने दुकानदार,
त्यांची खतावणी त्र्याण्णवच्या त्या पहाटे
दुकानाखाली गेली.
तेही.
त्यावर वकिलांनी पुढं काही विचारलं नाही.

लामजन्याजवळच्या एका वस्तीवर
महादेवी बिराजदारांच्या उतरंडीमागं
डबा सापडला.
गंजलेला, पण टिटवी उभी,
चार बोटांवर जरा जास्त भार देऊन.
खाली: मुक्काम औसा, जिल्हा उस्मानाबाद,
हैदराबाद स्टेट.
किमतीपुढं हाली सिक्का,
आणि तेच सगळं पुन्हा उर्दूत.

वकील खुर्चीवरून उठले.
अहो, ते राज्यच छप्पनला संपलं!
जे राज्यच उरलं नाही, त्याचा पत्ता
नंतर कोण छापील?
आणा तो डबा. फोटो नको, अस्सल हवा.

महादेवीबाई म्हणाल्या, बी हाय त्यात.
मग बसून राहिल्या थोडा वेळ.
मग लुगड्याच्या धडप्यावर ज्वारी ओतली,
गाठ मारली,
रिकामा डबा माझ्या हातात दिला.
मपला हाय, म्हणाल्या, माघारी आणून दे.

लातूरच्या कोर्टात डब्याला चिठ्ठी चिकटली,
निशाणी क्रमांक एकेचाळीस.
साहेबांनी तो उलटा केला तेव्हा
ज्वारीचे दोन दाणे टेबलावर पडले.
कारकुनानं ते पुसून टाकले,
त्यांना नंबर नव्हता.
वाळूजचे वकील म्हणाले, डबा जुना असेल,
मधली वर्षं कुठायत?
वापर सलग होता कशावरून?
पुढची तारीख पडली.
मग तिच्या पुढची.

महिन्याला फोन येतो लामजन्याहून.
पेरणी आली गं, मपला डबा?
मी अर्ज केला, वस्तू परत मिळावी म्हणून.
खिडकीतल्या माणसानं विचारलं,
डबा त्या बाईंचाच कशावरून?
पावती आहे?

मी सांगितलं, तळाला पोचा आहे,
त्यांच्या सासूनं उखळावर आपटला होता,
कुणाच्या रागानं ते त्यांना आठवत नाही.
बी त्यातच ठेवतात. दर साली.
माणूस माझ्याकडं बघत राहिला.

हे लिहून द्या, म्हणाला.