राखलेला खांदा

माझ्याआधीची तीन गेली, म्हणून
आईनं मला जन्मल्या दिवशीच सुपात घातलं
आणि शेजारच्या धोंडाबाईला विकलं, सव्वा रुपयाला.
पाचवीला परत घेतलं, वर शेरभर दादर मोजून.
नाव पडलं सुपडू.
भाव तेव्हापासून होत आलाय.

खेळाचा पहिला भाव चिनावलच्या पोरांनी केला:
दीडशे रुपये, पेट्रोल, रात्री शेवभाजी.
सहा ओव्हरची मॅच, एकाला दोनच ओव्हर.
बारा बॉल. साडेबारा रुपयाला एक.
वाइड गेला तर माझ्या घरचा.

वेग काही नव्हता माझ्याकडे.
फक्त टप्पा पडला की बॉल जरा थांबायचा,
पाहुणा उंबऱ्यापाशी थांबतो तसा, आत येऊ की नको,
तोवर बॅट फिरून गेलेली असायची.
एवढ्यावर एकोणीस वर्षं निघाली.

अडावद, यावल, पारोळा, शिरपूर,
भुसावळला रेल्वेच्या पोरांकडून दोन मोसम.
काल ज्याची दांडी उडवली
आज त्याच्याच मोटरसायकलवर मागं, त्याच्याच गावाकडून.
स्वतःच्या नावाची जर्सी कधी मिळाली नाही.
शिंदखेड्याला माझ्या पाठीवर 'बंटी' होतं,
बंटीला हळद लागली होती म्हणून.
विरवाड्याला स्कोअर लिहिणाऱ्या पोरानं
शाळेच्या वहीत माझ्या नावाच्या जागी लिहिलं: पाहुणा.
पाहुणा, दोन ओव्हर, नऊ रन, चार विकेट.
त्या फायनलला बक्षीस बोकड होता.
माझ्या वाट्याला मुंडी आली,
एसटीत पिशवीतून गळत निंभोऱ्यापर्यंत.
माझ्या शेजारचा माणूस रावेरचं तिकीट असून फैजपूरलाच उतरला.

रविवार खेळाचा. बाकी सहा दिवस केळीचे.
घड कापायचा, खांद्यावर घ्यायचा, बांधावरच्या ट्रकपर्यंत.
मी कायम डावा दिला.
मुकादम, वासुदेव इंगळे, ओरडायचा,
बदल रे, वाकडा होशील.
झालो. शिंप्यानं टेप लावून सांगितलं,
डावीकडं दोन बोटं कमी.
माझ्या सगळ्या शर्टांना डावीकडं चिकाचे काळे डाग,
उजवी बाजू नवरदेवासारखी कोरी.
शेवंता धुताना विचारायची,
हा एवढा खांदा कुणासाठी ठेवलाय?
मी म्हणायचो, चोपड्याच्या लोकांसाठी.
मग ती शर्ट जरा जास्तच आपटायची.

यंदा सावद्याच्या लीगला लिलाव होता,
मंगल कार्यालयात, खुर्च्यांवर अजून लग्नाची कापडं.
माइकवाला म्हणाला, सुपडू सपकाळे,
वय एक्केचाळीस, बेस प्राइस पाचशे.
पंखे फिरत होते. कुणीतरी मागं पाणी मागितलं.
पारोळ्याकडच्या एका पोरानं शेजारच्याला विचारलं,
हाऊ कोन शे भो?
तो खांदे उडवून मोबाइलमध्ये गेला.
दोन्ही खांदे सारखे होते त्याचे, मी पाहिलं.
अनसोल्ड, माइकवाला म्हणाला, आणि पुढचं नाव.

घरी सांगितलं, आपलं नाव यादीतच नव्हतं.
आईच्या हिशेबात
विकलं जातं तेच पोर जगतं.

सोमवारी घड उजव्या खांद्यावर घेतला.
बसेना. तिथं घट्टाच नव्हता,
देठ सरळ हाडाला लागला,
चार पावलांवर अडखळलो, दोन फण्या मातीत.
आता इंगळ्याचा पोरगा मुकादम आहे.
तो ट्रकजवळून ओरडला,
ए, नवीन लागला का तू?