आठशे शब्द

शुक्रवारी सकाळी हरिपूरच्या रस्त्याला
चिंचांच्या सावल्या रिक्षाच्या टपावरून सरकत होत्या
आणि माझा इंट्रो तयार होता:
'जमिनीच्या पोटात इथं एकेकाळी सोनं झोपायचं...'
बारा वर्षं रविवारची पुरवणी लिहिते.
माणूस भेटायच्या आधी पहिलं वाक्य तयार ठेवते,
कुकर लावून मगच अंघोळीला जावं तसं.

भुजंगा वायदंडे.
वय विचारलं तर म्हणाले,
"लिवा सत्तर. कमी पडलं तर वाढवा."
दारात एक शेळी, तराजूचं एकच पारडं,
त्यात कोंबड्यांसाठी पाणी.
कानामागे अजून हळदीची पिवळी रेघ होती,
असं मी लिहिलं.
नव्हती.

"पेवात उतरताना कसं वाटायचं?"
हा माझा ठेवणीतला प्रश्न.
मिरजेत सतारीचा भोपळा कोरणाऱ्याला विचारलेला,
विट्याच्या गलाईवाल्याला,
फड सोडून किराणा टाकलेल्या नाचणारणीला.
चुकून दुसऱ्याच्या दारात आलेल्या पाव्हणीकडं बघावं
तसं त्यांनी बघितलं.

"वाटायला येळ कुठं असायचा बाई?
तोंडावरची माती खरवडायची. लांब सरायचं.
दोरीनं कंदील सोडायचा खाली.
इझला, तर थांबायचं.
परत सोडायचा. परत इझला, परत थांबायचं.
तळापतूर जळत गेला,
की मग माणूस."

'मग माणूस' खाली मी रेघ मारली.
हेडिंगच मिळालं होतं.

"तातोबा थांबला न्हाई.
माझा धाकटा. बावीसचा.
यापाऱ्याचा ट्रक हुबा हुता, भाडं चढत हुतं."
व्यापारी कोण, तेही सांगितलं.
मग शेळीला हाकललं
आणि चहात साखर चालते का, विचारलं.

आठशे शब्द, दोन फोटो,
एक चौकट: हळदीचे दहा उपयोग.
शनिवारी दुपारी साहेबांचा फोन.
"लेख झकास. फक्त तो भाऊ काढू या.
रविवार असतो हो, लोक पोहे खात वाचतात."
मी म्हटलं, बरं.
इतकं बारीक 'बरं'
की ते पुन्हा विचारते झाले, "काय म्हणालात?"
बरं म्हणाले, मी म्हटलं.

तातोबाच्या जागेत
सराफाची जाहिरात नेमकी बसली.
कडेला केसभरही जागा उरली नाही.

रविवारी सोळा फोन आले.
विश्रामबागच्या एक बाई म्हणाल्या,
अगदी वास आला हो हळदीचा, कागदाला.
सतरावा संध्याकाळी, दिवेलागणीला,
नातवाच्या मोबाईलवरून:

"पोरानं वाचून दावलं. ब्येस लिवलंय.
फोटूत शेळी बी चांगली आलीया.
तात्याचं नाव कुठल्या पानावर हाय?
आत अजून एक पान असतंय न्हवं?"

जागा, मी म्हटलं. जागेचं जरा...

"हां. जागा."
थोडा वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.
"पेवाचं बी तसंच की.
आत मायंदाळ मावतंय.
तोंड बारकं."

फोन कट झाला की त्यांनी ठेवला, कळलं नाही.
मी परत लावला नाही.

आता दर शनिवारी रात्री
पहिलं वाक्य दोरीला बांधून
मी खाली सोडते,
बघते, विझतं का...

छे. हे पुन्हा पुरवणीतलं झालं.
खोडते.

तातोबा वायदंडे. हरिपूर.
वय बावीस.
पेव कुणाचं होतं, ते वहीत आहे.
वही माझ्याकडेच आहे.