सतरा जोड

शनिवारी बेरातमध्ये वाटाड्या बाई म्हणाल्या,
खिडक्या मोजू नका, आजवर कुणाला जमलेलं नाही.
म्हणून सगळ्यांनी मोजल्या.
दोर्यान दोनशे अकरावर अडकला,
कारण दोनशे बाराव्या खिडकीत कुणी सतरंजी झटकत होती
आणि तिनं यालाच झटकलं : टकमक काय बघतोस रे मेल्या?

किल्ल्याच्या चढावरचे दगड
पायांनी घासून घासून साबणासारखे झालेले.
व्योल्त्सा मॅडम इतिहास सांगत होत्या आणि घसरत होत्या,
एका शतकात उजवीकडे, पुढच्यात डावीकडे.
देवळातल्या जुन्या पाटीवरचा तांबडा रंग बघून
मायलिंदा चक्क गप्प झाली.
'हिचं गप्प बसणं हेच इथलं प्रेक्षणीय स्थळ,' क्लोदी म्हणाला.
क्लोदी सगळ्यांबद्दलच काहीतरी म्हणायचा.
माझ्या कानातल्या कापसाबद्दलही.

रविवारी ओसुम.
खाली, फार खाली, हिरवट पाणी,
आणि दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे,
भांडून पाठ फिरवलेल्या भावांसारखे.
माझ्या कानाच्या पडद्याला भोक आहे,
पाण्याशी माझा उभा दावा.
बाकीचे दुसऱ्या कुणाच्या तरी थंडीनं ओले असलेले
रबरी कपडे अंगावर ओढत होते,
शिरस्त्राणांवर टकटक करून एकमेकांना विचारत होते, आहे का कुणी घरात?
मग बूट काढून त्यांनी माझ्यासमोर ढीग घातला.
मॅडमचेही. सतरा जोड.
'नीट सांभाळ,' असं म्हणून
सगळे जीव मुठीत आणि वल्हं हातात धरून
उतरून गेले.

पुलावर मी आणि बसवाले सोकोल.
ते सूर्यफुलाच्या बिया सोलत होते
आणि दरीकडे पाठ करून बसले होते.
बत्तीस वर्षं येतोय, म्हणाले, नदी काय पळून जाते का.
खालून नावा आल्या. मी ओरडले.
एत्लेवानं हात हलवला, पण भलत्याच बाजूला,
एका झुडपाला.
मग वळणाआड आधी नावा गेल्या,
आणि थोड्या वेळानं किंकाळ्याही.

करायला काही नव्हतं, म्हणून मी जोड लावू लागले.
मायलिंदाच्या बुटात पाचशेची नोट, चौघडी.
दोर्यानच्या बुटात खडा, आणि त्यानं तो काढला नव्हता.
क्लोदीच्या उजव्या बुटात
पुठ्ठा.
बिस्किटाच्या खोक्याचा, टाचेकडे लगदा झालेला.
मी तो उचलला, तर आरपार
पुलावरची खडी दिसली.

सोकोलनी बघितलं. बिया चघळायचे थांबले.
सीटखालून गेल्या आठवड्याचा खेळांचा पेपर काढून दिला,
काही न बोलता. त्यातलं कळतं ड्रायव्हर लोकांना.
मी माझ्या पिशवीतला बेरातचा नकाशा काढला,
जाड, चकचकीत, शनिवारी फुकट मिळालेला,
क्लोदीच्या तळव्याच्या मापानं घडी घातली
आणि आत बसवला,
नदीची बाजू खाली, खिडक्या वर.
मग सगळ्यांच्याच बुटांत पेपरचे बोळे कोंबले.
सतराही जोडांत. मॅडमच्या बुटांत तर फुटबॉलचा अख्खा गुणतक्ता.

ते परतले दात वाजवत,
एक वल्हं कमी, दोन जणांचं कायमचं भांडण,
तिघांची कायमची मैत्री.
बुटांत बोट घालताच एकच कल्ला :
हा उद्योग कुणाचा?
'सोकोलकाकांचा,' मी म्हटलं. 'ओल ओढून घेतो कागद.'
क्लोदीनं डावा बूट घातला. उजव्यात हात घातला.
हात आत जरा जास्त वेळ राहिला.
मग बोळा उलगडून मोठ्यानं विचारलं,
'च्यायला, आपण परत हरलो?'

अंधारात बस तिरानाकडे वळली.
अर्धे झोपलेले, खिडक्यांवर वाफ.
व्योल्त्सा मॅडमना अहवाल लिहायचा होता;
पुढून हाक आली,
'बेरातचा नकाशा आहे का रे कुणाकडे?'

कुणीच बोललं नाही.
माझ्या पुढच्या सीटखाली
एक उजवा पाय
हळूच मागे सरकला.